केबिनीत वूफर आला आणि बाईसाहेब मांडी घालून बसल्या, त्याची हकीकत

श्री. नाद आधी आणि शब्द मागाहून, ऐसे थोर सांगतात. त्या दोहोंची जी माता, तिला विड्याचे पहिले पान वाहून लिहिणे आरंभिले. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, कार्तिक वद्य पंचमी, ते दिवसापासून एका राज्यात जे वर्तले ते येणेप्रमाणे.

राज्य लहान. पुढे काच, मागे पत्रा, उजवे हाती दरवाजा, डावे हाती दरवाजा, इतक्या चतुःसीमेत सारी वस्ती. लोक यास पिकअप गाडीची केबिन म्हणत. उजव्या आसनी राजश्री तुळाजीराव, चक्र हाती धरून असत. डाव्या आसनी त्यांचे कुटुंब सगुणाबाईसाहेब, त्या कारभार पाहत. आसनांमागे वीतभर फट, तेथे जॅक, दोर आणि ताडपत्री यांची वसाहत. पाठीस हौदा, त्यात घरच्या पानमळ्याची खायची पाने, ओल्या फडक्याखाली टोपल्या लावून. नित्याची वहिवाट ऐसी की, रावांनी गाडी हाकावी आणि बाईसाहेबांनी बाजारी टपरी-टपरीपुढे उतरून पाने पोचती करावी. कोवळ्या पानास कळी म्हणतात आणि जून पानास फापडा. कळी कोणास व फापडा कोणास, कोणाशी गोड बोलावे व कोणाशी मोजके, हे सर्व बाईसाहेबांस मुखोद्गत. आणि दुसरी गोष्ट, जी कोणी बोलत नसे, ती ऐसी की घरी दीर-जावा, पोरेबाळे, मळ्याचे गडी यांची सदा वर्दळ. नवरा-बायकोचे बोलणे म्हणून जे काही होई ते याच राज्यात, गाव सुटल्यापासून बाजाराच्या कमानीपर्यंत. बाईसाहेबांनी देवाचे नाव घेत निघावे, ओढा ओलांडला की माळ पिशवीत ठेवावी आणि मग म्हणावे, "हां, आता ऐका." त्यामुळे डावे आसन ही त्यांची जहागीर, आणि ती त्यांस फार प्रिय.

ऐशियात शेजारच्या राज्यात उत्पात जाहला. केळीवाले विठोजीराव यांनी आपल्या पिकअपात वूफर आणविला. वूफर म्हणजे खर्जाचा सरदार, गाण्यातील जाड आवाज तेवढा उचलून छातीवर आणून आपटणे हे त्याचे काम. विठोजीरावांची स्वारी बाजूने गेली की तुळाजीरावांच्या दरवाजाची कडी थरथरे आणि आरसा आपोआप मान फिरवी. ऐसे चार वेळा जाहले. पाचव्या वेळी तुळाजीराव बोलिले, "आपल्याकडेही आणायचा." बाईसाहेबांनी पुसले, "ठेवणार कुठे? इथे माझ्या पिशवीला जागा नाही." राव बोलिले, "जागा काय, केली म्हणजे होते."

मग स्वारी इब्राहिमउस्तादांचे दुकानी गेली. उस्ताद या विद्येत जुने, गाड्यांचे पोट उघडून तारा ओढण्यात आयुष्य गेले, आणि बोलणे फटकळ. त्यांनी केबिनीत डोके घातले, फट पाहिली, आसनाखाली हात फिरविला आणि सांगितले, "राव, जागा दोनच. मागच्या फटीत चपटा वूफर बसेल. तो गुणगुणेल, पण छातीत बसायचा नाही. जाडा वूफर पाहिजे तर त्याला जाड पेटी लागते, पेटीत हवा लागते, हवा नसेल तर आवाज घुसमटतो. ती पेटी मावेल एकाच ठिकाणी, डाव्या सीटापुढे, पाय ठेवतात तिथे." राव बोलिले, "विठोजीकडे कोणता?" उस्ताद बोलिले, "जाडा." राव बोलिले, "मग जाडाच." उस्तादांनी बाईसाहेबांकडे पाहिले आणि म्हणाले, "वहिनी, काळजी नको. वरून लोखंडी जाळी ठोकतो, जाळीवर रग अंथरतो. पाय खुशाल ठेवा, हत्ती नाचला तरी काही होत नाही." बाईसाहेब हळूच बोलिल्या, "मी हत्ती नाही, भाऊ." त्यांच्या मनी काय आले ते त्या घडीस कोणाच्या ध्यानी आले नाही.

दुसरे दिवशी पेटी येऊन विराजमान जाहली. काळ्या कापडाने मढविलेली, अंगाने धष्टपुष्ट, पोटी वाटोळे तोंड. बाईसाहेबांनी तीस हळदकुंकू वाहिले, विड्याचे पान ठेविले, नमस्कार केला आणि दरवाजाबाहेरच उभ्या राहिल्या. राव बोलिले, "चल बस, उशीर होतोय." बाईसाहेब बोलिल्या, "पाय कुठे ठेवू?" "पेटीवर ठेव. त्यासाठीच तर जाळी केलीय." "ज्यातून सूर निघतो त्याला पाय लावत नाहीत. आमच्या माहेरी ढोलकी कोणी ओलांडत नसे." "अगं, ढोलकी कुठली. प्लायवूड आहे ते. दोन स्क्रू आणि एक लोहचुंबक." "ढोलकीही लाकूडच." रावांस उत्तर सुचले नाही, आणि उत्तर सुचत नाही तेव्हा धनी लोक जे करतात तेच त्यांनी केले, म्हणजे आवाज चढविला. बोलिले, "मग एसटीने ये बाजाराला. नाहीतर रहा घरी. थोरली वहिनी येईल पाने वाटायला, तिला नाही असले सोवळे."

हे शब्द बाईसाहेबांस लागले. थोरली जाऊबाई डाव्या आसनी बसेल, हे डोळ्यांपुढे आले. पाय लावावा तर आयुष्यभर पाळलेले मोडते, न लावावा तर जहागीर जाते. त्यांनी वाद घातला नाही. चपला काढून पिशवीत घातल्या, पदर आवरला, दरवाजाची कड धरून वर चढल्या आणि आसनावरच मांडी घालून बसल्या, जसे देवळात पुराण ऐकावयास बसतात. बाईसाहेब बोलिल्या, "हाका."

मग प्रस्थान जाहले आणि वूफराने आपला पराक्रम दाखविला. काच थरथरली, माळ हाती थरथरली, बाईसाहेबांचे दात एकमेकांवर वाजले. ओढा ओलांडल्यावर त्या वहिवाटीप्रमाणे बोलिल्या, "हां, आता ऐका," पण रावांनी ऐकिले नाही, कारण ऐकू गेले नाही. दोनदा म्हटले, मग सोडून दिले. विठोजीराव समोरून आले, दोन्ही वूफर एकमेकांस भिडले, धुरळा उडाला, आणि तुळाजीरावांच्या मुखावर जे समाधान दिसले ते लग्नातही दिसले नव्हते. बाईसाहेबांनी ते समाधान पाहिले आणि त्यामुळे त्या दिवशी गुडघ्यांचे काही बोलिल्या नाहीत.

ऐसे पंधरवडाभर चालिले. रोज मांडी घालून जावे, ओढ्यानंतर गुडघ्यांचे सांगू पाहावे, ते वूफरात बुडावे, आणि मांडी घालून यावे. आधी मुंग्या येत, मग कळ येई, मग काहीच कळत नसे, आणि काही कळत नाही हे बरेच म्हणावे ऐसे वाटे. रात्री गुडघ्यांस तेल चोळताना जाऊबाईंनी पुसले, "काय गं, पाय का धरलेत?" तर त्या म्हणाल्या, "थंडी पडलीय." आणि आपण नेम पाळतो आहो की हट्ट चालवितो आहो, हा प्रश्न त्यांनी देवापुढे दोनदा ठेविला. देवाने उत्तर दिले नाही.

मग मार्गशीर्षातला पहिला गुरुवार उजाडला. बाईसाहेबांस उपवास. घरोघरी घटाची पूजा, त्यामुळे पानांस मोठी मागणी, टोपल्या काठोकाठ. बाजारी पहिल्या टपरीपुढे गाडी उभी केली, राव नित्याप्रमाणे चक्रावर हात ठेवून बसले, आणि बाईसाहेब उतरेनात. राव बोलिले, "उतर की." बाईसाहेब बोलिल्या, "पाय सुटत नाहीत." राव बोलिले, "म्हणजे?" बाईसाहेब बोलिल्या, "म्हणजे सुटत नाहीत. तुम्हीच द्या आज पाने. इथे कळी द्यायची, पुढच्या दोघांना फापडा, पाण्याच्या टाकीपाशी निम्मेनिम्मे." हे त्यांनी इतक्या हळू सांगितले की वूफर बंद करावा लागला.

तुळाजीराव खाली उतरले. टोपली खांद्यावर घेतली आणि टपरीवर गेले. टपरीचे धनी बापू तांबोळी वयाने थोर आणि जिभेने तरुण. त्यांनी टोपलीत पाहून म्हटले, "राव, तुम्ही? बाई कुठे आहेत?" "गाडीत." "आजारी का?" "नाही. पाय उतरत नाहीत." "पडल्या का कुठे?" "नाही. बसून." बापूंनी चुना लावता लावता मान वळवून गाडीकडे पाहिले. काचेआड बाईसाहेब मांडी घालून, हात जोडल्यासारखे गुडघ्यांवर ठेवून, ताठ बसल्या होत्या. बापू बोलिले, "बसल्यात तर मखरातल्या देवीसारख्या. खाली काय ठेवलंय?" राव बोलिले, "वूफर." बापूंनी पान दुमडले, लवंग टोचली आणि सावकाश म्हणाले, "अस्सं. पेटी पाय पसरून बसलीय, म्हणून बाईंनी दुमडून घेतलेत." जवळ दोघे गिऱ्हाईक होते, ते हसले. बापू हसले नाहीत. त्यांनी टोपली परत सरकविली आणि म्हणाले, "हा फापडा आहे. मला कळी लागते. बाईंना विचारून या."

राव गाडीपाशी आले, टोपली बदलली. बाईसाहेबांनी खिडकीतून बोट दाखविले तसे दुकानोदुकानी हिंडले, आणि जेथे गेले तेथे पानांआधी बाईंची विचारपूस जाहली. सर्व टोपल्या रित्या होईतो ऊन माथ्यावर आले. परत गाडीत बसून त्यांनी वूफराची कळ दाबली नाही. मग चक्र उजवीकडे वळविले. बाईसाहेब बोलिल्या, "घर डावीकडे." राव बोलिले, "ठाऊक आहे." आणि गाडी इब्राहिमउस्तादांचे दारी उभी राहिली.

उस्ताद बोलिले, "काय, बिघडला?" राव बोलिले, "नाही. काढा. मागच्या फटीत चपटा बसवा." उस्तादांनी बजाविले, "आधीच सांगतो, छातीत धडका बसायच्या नाहीत. विठोजी हसेल." राव बोलिले, "हसू दे." उस्तादांनी पुसले, "आणि मागचा जॅक कुठे जाईल?" राव बोलिले, "माझ्या सीटाखाली. खुडखुडला तर मी ऐकीन." मग जाडी पेटी उचलून बाहेर काढिली, आणि रिकाम्या जागी बाईसाहेबांचे पाय खाली सोडावे म्हणून राव स्वतः दरवाजापाशी गुडघे टेकून बसले. एक पाय सोडविला, मग दुसरा. बाईसाहेबांनी डोळे मिटून घेतले होते. राव बोलिले, "आधी का नाही बोललीस?" बाईसाहेब बोलिल्या, "बोलले होते. रोज, ओढ्यानंतर."

दुसरे दिवशी स्वारी निघाली. चपटा सरदार पाठीमागे पातळ गुणगुणत होता. ओढा ओलांडला, माळ पिशवीत गेली, बाईसाहेब बोलिल्या, "हां, आता ऐका," आणि रावांनी आवाज आणखी उणा केला. समोरून विठोजीराव गर्जत आले, दरवाजाची कडी पूर्वीप्रमाणे थरथरली, आणि तुळाजीरावांनी सरळ रस्त्याकडे पाहिले. ते समयी बाईसाहेबांचे दोन्ही पाय जमिनीस टेकलेले होते, आणि बोलता बोलता उजव्या पायाचा अंगठा गाण्याच्या ठेक्यावर हळूहळू आपटत होता. त्यांच्या ते ध्यानी नव्हते. रावांच्या ध्यानी आले, पण त्यांनी सांगितले नाही.

सारांश, या मोहिमेत राज्याने गर्जना गमाविली आणि जहागीर राखिली. सुरास पाय लाविला नाही, आणि पायाने सूर धरिला, याचा दोष लागतो किंवा नाही हे लिहिणाराने कोणा शास्त्रीबोवांस पुसले नाही. पाने वेळेवर पोचत आहेत. इति.