विमलाबाईंचा पास

योगशिबिराच्या दिवशी सकाळी विमलाबाईंना लागोपाठ सतरा शिंका आल्या आणि पासाच्या मागचा सातवा नियम त्यांनी स्वतःच मोठ्याने वाचला : सर्दी-खोकला असणाऱ्यांनी येऊ नये. आठवा नियम होता, पासावर दुसऱ्याला सोडले जाणार नाही, विनंती करू नये. तो त्यांनी मनातल्या मनात वाचला.

"उत्कर्षा, तू जा," त्या सुनेला म्हणाल्या. "रंगराव गुरुजी कायम परदेशात असतात. दीड तास रांगेत उभं राहून मिळवलाय पास. वाया घालवायचा नाही."

"अहो आई, पण बाळ?"

"अभिनव आहे की. बाप आहे त्याचा. रविवारचा तरी."

उत्कर्षा बत्तीस वर्षांची होती आणि तिचा दिग्विजय चौदा महिन्यांचा. म्हणजे चौदा महिने ती सलग अशी झोपलेली नव्हती. योगाशी तिचं काही देणंघेणं नव्हतं, पण पासावर छापलेल्या कार्यक्रमात शेवटची ओळ होती : शवासन, तीस मिनिटे. अर्धा तास आडवं पडायचं, डोळे मिटून, आणि गळ्यावर कुणाचा पाय नाही. त्या एका ओळीसाठी ती तयार झाली. द्राक्षं उभी चीर, आडवी नको, गॅलरीचं दार लावून घे, नाणी खाली ठेवू नकोस, असं दोन पानं भरून तिने फ्रीजवर चिकटवलं आणि वारज्याहून रिक्षा करून सदाशिव पेठेतलं सभागृह गाठलं.

दारात टेबलाशी प्रियदर्शनी नावाची स्वयंसेविका बसली होती. उत्कर्षाच्या पुढे एक बाई बहिणीचा पास घेऊन आली होती.

"तिला ताप आहे हो," ती बाई म्हणाली.

"मग बरं वाटू दे तिला," प्रियदर्शनी म्हणाली. "आठवा नियम. पुढचे कोण?"

बहिणीची बहीण जिना उतरून गेली. उत्कर्षाला ती ओळ आठवली, तीस मिनिटे.

"विमलाबाई," ती म्हणाली.

प्रियदर्शनीने गठ्ठ्यातून अर्ज काढला. विमलाबाईंनी तो दोन महिन्यांपूर्वी स्वतःच्या हाताने भरला होता, एकही दुखणं न वगळता.

"वय अडुसष्ट?"

आता आपल्यालाही जिना, असं उत्कर्षाने धरलं. प्रियदर्शनीने मान वर केली. डोळ्यांखालची काळी वर्तुळं, भांगाजवळची पांढरी बट, कमरेवर ठेवलेला हात, सगळं एकदा शांतपणे पाहिलं आणि अर्जावर टिक केली.

"या आजी. गुडघेवाले डावीकडे. मोबाईल इथल्या पिशवीत ठेवा. खुर्ची लागेल का?"

आत सोडल्याचा आनंद व्हायला हवा होता. तो काही केल्या होईना.

डावीकडच्या रांगेत लोड, उशा आणि खुर्च्या होत्या. शेजारच्या सतरंजीवर वेणूबाई होत्या, पंचाहत्तरीच्या. त्यांनी बसल्या बसल्या चौकशी केली.

"वय काय हो तुमचं?"

"अडुसष्ट."

"वाटत नाही."

उत्कर्षाला जरा बरं वाटलं.

"मी साठ धरलं होतं," वेणूबाई म्हणाल्या. "योगाने फरक पडतोच."

त्या सभागृहात बसलेल्या दोनशे माणसांचा यावर पक्का विश्वास होता. तिथे अडुसष्ट वर्षांची बाई बत्तीसची दिसली असती, तरी कुणाला आश्चर्य वाटलं नसतं. उत्कर्षा साठची दिसत होती, त्यात तर काहीच नव्हतं.

दीड तास ती सांगतील ते करत राहिली. गुडघा पट्ट्याने बांधून घेतला, लोडावर पाय ठेवले. कान मात्र दाराजवळच्या मोबाईलच्या पिशवीकडे होते. एकदा पिशवी थरथरली. द्राक्ष अडकलं घशात, तिला वाटलं. नंतर बराच वेळ ती थरथरली नाही, तेव्हा जास्तच भीती वाटली.

शेवटी गुरुजी मंद आवाजात म्हणाले, "आता शवासन." दिवे कमी झाले. उत्कर्षाने अंग टाकलं. कंबर जमिनीला टेकली आणि तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"यातल्या विमलाताई कोण?"

गुरुजींच्या हातात अर्ज होता. दर शिबिरात ते एकाची तपासणी सर्वांसमोर करत.

"वर या. बाकीच्यांनी पडूनच ऐका."

दोनशे माणसं डोळे मिटून पडली आणि उत्कर्षा व्यासपीठावर उभी राहिली.

"रात्री झोप लागते?"

"तीन-चारदा उठावं लागतं," उत्कर्षा म्हणाली. खोटं बोलण्याइतकी ताकद तिच्यात उरली नव्हती.

पडलेल्यांपैकी बऱ्याच ज्येष्ठांनी सहानुभूतीचा हुंकार दिला.

"कंबर कशाने धरते?"

"बाळाला उचलून."

"नातू का?"

व्यासपीठाच्या कडेला प्रियदर्शनी वही घेऊन उभी होती. "हो," उत्कर्षा म्हणाली.

"या वयात तुम्ही उचलता? त्याची आई काय करते?"

"ती आज घरी नाहीये."

"कुठे गेली?"

"जरा पडायला."

सभागृहात निःश्वास पसरला. "आमच्याकडे हेच आहे," वेणूबाई डोळे न उघडता म्हणाल्या.

गुरुजींनी डोळे मिटले, उघडले आणि एक-एक सूचना सांगायला सुरुवात केली. प्रियदर्शनीने त्या लिहून घेतल्या. मग सुनेने सासूची सेवा कशी करावी, यावर ते बोलले. ते थांबले तेव्हा दिवे लागले होते आणि लोक सतरंज्या गुंडाळत होते.

"आजी, सूचना तुमच्या व्हॉट्सॲपवर पाठवल्यात," दारात प्रियदर्शनी म्हणाली. "अर्जावरच्या नंबरला."

तो नंबर कोणाचा, हे उत्कर्षाच्या रिक्षात बसल्यावर लक्षात आलं.

घरी पोचली तेव्हा द्राक्षं जशीच्या तशी होती, बाळ धडधाकट होतं आणि अभिनव सोफ्यावर त्याच्याखाली दबून झोपला होता. विमलाबाई आतल्या पलंगावर होत्या. गुडघ्यांखाली दोन उशा होत्या आणि नाकावर चष्मा.

"ऐक," त्या म्हणाल्या आणि मोबाईलवरून वाचू लागल्या. "विमलाताईंनी चाळीस दिवस बाळाला उचलू नये. दुपारी दोन तास पडावे. रात्री बाळाकडे सुनेने पाहावे. सुनेने बाहेर जाणे कमी करावे." चष्म्यावरून त्यांनी उत्कर्षाकडे पाहिलं. "नुसत्या अर्जावरून, न बघता एवढं ओळखलं त्यांनी माझं."

उत्कर्षा दाराला टेकून उभी राहिली. खरं सांगायचं, तर आपण अडुसष्टच्या म्हणून खपलो, हेही सांगावं लागणार होतं.

"तुझ्याबद्दल जरा जास्तच लिहिलंय, म्हणून मी कळवलं त्यांना," विमलाबाई म्हणाल्या. "सून तशी चांगली आहे. दमते फक्त."

उत्कर्षा दारातून पुढे आली. "मग काय म्हणाले?"

"पुढच्या शिबिराला तिला पाठवा म्हणाले. तीन वर्षांनी आहे." त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि डोळे मिटले. "तोवर बाळाला घे बाई. मघापासून ओला आहे."