मध्ये न पडणाऱ्या शिंदेबाई

शिंदेबाईंच्या डोळ्यांदेखत आमचं दूध उतू गेलं आणि त्या नुसत्या बघत बसल्या. बायको धावत आली, तर म्हणाल्या, "शास्त्रज्ञाने मोजायचं कण्री, मध्ये पडायचं नाही."

बाई म्हैसूरच्या कुवेंपुनगरातल्या आमच्या शेजारी. प्राणिशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका, एकट्या राहतात. घराणं जुन्या म्हैसूर फौजेतलं, त्यामुळे मराठीत कन्नड आणि आवाज कवायतीचा. अंगणात मैनांसाठी लाकडी खोकी टांगलीत. विणीच्या दिवसांत बाई शिडी चढतात, पिल्लाच्या पंखातून थेंबभर रक्त घेतात आणि यंत्रात घालतात. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाचं रक्त फिकट असतं. पिल्लू वाढेल तसं ते लाल होतं, जास्त प्राणवायू वाहून नेतं, तेव्हा कुठे उडायची ताकद येते. आमच्या दूधवाल्यालाही हे तोंडपाठ आहे, कारण बाई शिडीवरूनच शिकवतात.

माणसांनाही सुटका नाही. माझ्या भाचीला बघायला आलेल्या मुलाची पापणी खाली ओढून बाईंनी जाहीर केलं, "मुलगा बरा आहे. रक्त स्वल्प फिकट."

यंदा एका घरट्यातलं धाकटं पिल्लू फिकटच राहिलं. घरट्यातल्या अळ्या त्याचं रक्त पीत होत्या. "काय करायचं, मॅडम?" त्यांच्याकडे संशोधनाला येणाऱ्या चैत्राने विचारलं. "लिहून घे," बाई म्हणाल्या. पण त्यांचा चहा तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर बाई शिडीवर, हातात चिमटा. एकेक अळी वेचत पिल्लाला दटावत होत्या, "सुम्ने रहा, चिन्ना." गप रहा, सोन्या.

चैत्रा आल्यावर त्यांनी स्वतःच सांगितलं, "हे घरटं अभ्यासातून काढ."

"मॅडम, सगळ्यात चांगल्या नोंदी ह्याच्याच होत्या."

"असू देत. हे आता माझं आहे."

पिल्लू उशिरा का होईना, लाल झालं. उडालं, आणि थेट रस्त्याच्या मधोमध जाऊन बसलं. समोरून सिटी बस येत होती. बाई हात पसरून बससमोर उभ्या. "निल्री!" बस थांबली, मागे रिक्षांचे हॉर्न सुरू झाले. ड्रायव्हरने विचारलं, काय झालं? बाईंनी त्याला कन्नडात सांगितलं, माझं मूल उडायला शिकतंय.

मी धावत जाऊन दुसऱ्या बाजूच्या गाड्या अडवल्या. ऑफिसला उशीर झाला, पण इतका अभिमान मला स्वतःच्या बढतीचाही वाटला नव्हता. ह्या बाई आमच्या शेजारी राहतात, हे सगळ्या रस्त्याला ओरडून सांगावंसं वाटलं.

पिल्लू फडफडलं, पडलं, पुन्हा उठलं आणि समोरच्या झाडावर पोचलं. बाई तशाच उभ्या होत्या. दोन्ही हात बस अडवण्यात गुंतलेले, त्यामुळे डोळे पुसायला एकही मोकळा नव्हता.