हँडल चार बोटं वर

"पोरी, त्या हँडलाला हात लावू नगंस," बनुबाईंनी सांगितलं होतं. सुपातले तांदूळ पाखडता पाखडता, मान वर न करता.

रेश्मानं ते कानाआड केलं. बी.एस्सी. झालेल्या सुनेनं सासूच्या सगळ्याच सूचना पाळल्या असत्या, तर घरात अजून मिक्सर आला नसता, असं तिचं स्पष्ट मत होतं. शिवाय इथं प्रश्न मामांच्या कमरेचा होता.

मामा म्हणजे तिचे सासरे लालासाहेब. फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले, वय बहात्तर. त्यांची मोटरसायकल एकोणऐंशी सालची, टाकी मरून रंगाची, आणि हँडल इतकं खाली की चालवणाऱ्याचं काहीतरी रस्त्यावर सांडलंय आणि तो ते शोधतोय असं वाटावं. माधवनगरच्या बाजारापर्यंत जाऊन आले तरी मामा "आयायाया" करत उतरायचे आणि अर्धा तास कोयत्यासारखे वाकून चालायचे. हाताला मुंग्या, मानेला पट्टा. चार वर्षांची समीक्षा तर 'आजोबा कसे चालतात?' विचारलं की लगेच कमरेत वाकून दाखवायची. शेवटी रेश्मानं मामांना मिरजेला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, "गाडी सोडा, नाहीतर हँडल बदला."

"गाडी सोडनार न्हाई," मामा म्हणाले. "मानसं सोडीन."

मग रेश्मानं त्यांना अंगणात गाडीवर बसवून टेपनं शिंप्यासारखी मापं घेतली. पाठ ताठ, कोपर जरासं वाकलेलं, मनगट सरळ. समीक्षाच्या चित्रकलेच्या वहीत आकृती काढली आणि ती गॅरेजवाल्या गुंडा मिस्त्रीच्या हातात ठेवली.

"म्हंजे हँडल चार बोटं वर. सोपं हाय की," मिस्त्री म्हणाला. मग आवाज बारीक करून, "पर वैनी, काकूस्नी इचारलंय न्हवं?"

"हँडल आहे ते, त्यांची नथ नाही! त्यांना कशाला विचारायचं?"

मिस्त्री कामाला लागला. हँडल वर गेलं, वायरी मात्र जुन्याच राहिल्या. त्यामुळं सरळ रस्त्याला गाडी गरीब गाय, आणि डावीकडं वळवली की अ‍ॅक्सिलरेटरची वायर ताणली जाऊन आपोआप रेस व्हायची. हे कळलं शेजारच्या हरणाबाईंच्या अंगणात. मामा वळले, गाडी उधळली आणि शिजवून वाळत घातलेल्या हळदीतून आरपार गेली.

"आवं सुभेदार, बॉर्डर हिकडं न्हाई!" हरणाबाई ओरडल्या.

मामांना खरचटलंसुद्धा नाही, फक्त पँट पिवळी झाली. रेश्मा मात्र तशीच गॅरेजवर पोचली. "हँडल वर केलं तर वायर लांब टाकावी लागते, एवढंही कळत नाही?"

"तुमच्या चित्रात वायर कुटं हुती?" मिस्त्री म्हणाला.

तिनं उभं राहून लांब वायरी टाकून घेतल्या, आणि त्याच रागात सीटमध्ये नवा फोमही भरून घेतला. दुसऱ्या दिवशी मामा गाडीवरून शिपायासारखे ताठ उतरले. समीक्षाला नक्कल जमेना. रेश्मानं सासूकडं बघितलं. बनुबाई एवढंच म्हणाल्या, "आता बघ."

सोमवारी मामा मिरजेला चहाला गेले. मंगळवारी जतला, फौजेतले बिराप्पा तिथं मेंढरं राखतात, त्यांना भेटायला. बुधवारी विजापूरहून फोन, "हितं भाकरी लय कडक मिळती गं!" बीपीच्या गोळ्यांची डबी फ्रीजवर जशीच्या तशी. शुक्रवारी तर बालवाडी सुटली तरी समीक्षा दारातच उभी, कारण तिला आणणारे आजोबा गायब. रेश्मानं घाबरून नवऱ्याला, सूरजला, शिरवळच्या कंपनीत फोन लावला.

"अगं, आत्ताच हितं चहा पिऊन गेले की," सूरज म्हणाला. "तुझं लय कौतुक करत हुते."

रेश्मानं फोन आपटला आणि स्वयंपाकघर गाठलं. "आत्या, तुम्हाला माहीत होतं तर नीट सांगायचं ना!"

"सांगितलं की. हात लावू नगंस म्हनलं." बनुबाईंनी सूप बाजूला ठेवलं. "पेन्शनीत आले तवा हँडल आसंच वर हुतं. मीठ आनाय गेलेला मानूस तिसऱ्या दिशी गोव्यातनं फोन करायचा. मग म्याच गुंडाला सांगितलं, दाब चार बोटं खाली. तवापास्नं कंबार दुकली की गाडी आपली घरला."

"म्हणजे पंचवीस वर्षं मामांची कंबर तुम्ही..."

"मग? घरात तर हुते."

रेश्माचा नुसता संताप झाला. आरोग्य, विश्वास, माणुसकी, सगळ्यावर ती पाऊण तास बोलली. मग परसात जाऊन तिनं हळूच मिस्त्रीला फोन लावला. "उद्या नऊला पाना घेऊन या. दोन बोटं खाली. फक्त दोनच हं."

मिस्त्री बरोबर नऊला आला. गाडी नव्हती. रात्री परतलेले मामाही नव्हते. आणि दारातल्या बनुबाईंच्या चपलाही नव्हत्या.

अकराला फोन आला. पलीकडं नुसता वारा.

"आत्या? कुठं आहात तुम्ही?"

"ठावं न्हाई गं. डोंगार हायती. शीट लय मऊ केलीस बग. आन हे आता ताट बसत्यात, मला टेकाय येतंय." मग वाऱ्यातूनच मोठ्यानं, "पोरी, त्या हँडलाला हात लावू नगंस."

फोन कट.

तेव्हा साताऱ्याकडं किंवा त्याच्याही पलीकडं कुठं मरून टाकीची जुनी मोटरसायकल दिसली, तर कृपा करून थांबवा. मागच्या हिरव्या लुगड्याचा पदर चाकापासून लांब आहे ना, ते बघा. दोघांच्याही डोक्यावर हेल्मेट नसणार, तेवढ्यावरून रेश्माच्या वतीनं झापा. पुढच्या सुभेदारांनी गोळी घेतली का विचारा. घेतली म्हणाले तर विश्वास ठेवू नका, डबी इथं फ्रीजवर आहे. कंबर दुखते का, हे मात्र विचारायची गरज नाही. दुखणार नाही. मापं रेश्मानं स्वतः घेतली आहेत.