मल्लिनाथची मांसाहारी बुरशी

टमाट्याच्या मुळांवरच्या गाठींचा बंदोबस्त यंदा आपण विषारी औषधाविना करणार, असं मल्लिनाथने गावभर सांगून ठेवलं होतं. गेल्या वर्षी डोळ्यांना न दिसणाऱ्या सूत्रकृमींनी मुळं पोखरून अख्खा प्लॉट वाळवला होता आणि यंदाही झाडं दुपारच्याला माना टाकू लागली होती. म्हणून त्याने अहमदपूरहून सूत्रकृमी खाणारी बुरशी आणली, शेणखतात कालवली, वाढायला म्हणून गोठ्यात ओल्या पोत्यांखाली झाकली आणि बाळंतिणीसारखी जपली.

"पण ही खाती काय?" त्याच्या आईने, गुरम्माने, विचारलं.

इथं त्याने गप्प बसायला हवं होतं. पण पोटात ज्ञान ठरेल तो मल्लिनाथ कसला!

"जित्ता किडा, माय. फास टाकून आवळती अन् आतून खाऊन टाकती."

गुरम्माच्या लिंगायत घरात अंड्यालाही प्रवेश नव्हता. तिने गळ्यातलं इष्टलिंग घाईने पदराआड केलं.

दुसऱ्या दिवशी तो बाजारातून परतला, तर गोठ्यात नुसती पोती.

"आत्याबाईंनी टोपल्या भरभरून हाकलली तिला," बायको जगदेवी म्हणाली. "कुठं, ते मला काय ठाव? आता मठात गेल्यात."

मल्लिनाथ थेट उकिरड्यात शिरला आणि कोपरापर्यंत हात घालून उपसू लागला. शेजारचा आनंदराज धावत आला.

"काय हरवलं बा?"

"माझी बुरशी."

आनंदराजने त्याला नीट न्याहाळलं. "वैनी, याला उन्हात सोडत जाऊ नका," असं जगदेवीला हळूच सांगितलं. पण माणूस भला, बाह्या सारून तोही उतरला. बुरशी तर भरपूर निघाली, पण त्यातली मल्लिनाथची कोणती, हे ओळखणार कोण? टमाटे यंदाही गेले, या विचाराने त्याला रडूच यायला लागलं.

तेवढ्यात कपाळभर विभूती लावून गुरम्मा आली.

"माय, कुठं फेकलीस ती?"

"फेकीन कशाला? मांस खानारं घरात ठेवायचं न्हाई, हे खरं. पर आपल्या दारातून कुनी उपाशी गेलंय का आजवर? जिथं तिचं खानं हाय तिथं नेऊन घातली. टमाट्याच्या एकेका बुडाशी, मूठ मूठ. वरून पानी बी दिलं."

मल्लिनाथला जे उद्या करायचं होतं, तेच माय आज उरकून आली होती. तो उकिरड्यातच मटकन बसला. इतकं हायसं त्याला स्वतःचं लग्न जमलं तेव्हाही वाटलं नव्हतं.

गुरम्माने नाकाला पदर लावला.

"तू मातर आंघोळ केल्याबिगर घरात यायचं न्हाई."