दोन राज्यांचा एक किनारा

वामनरावाचं डोकं सकाळपासूनच तापलेलं होतं. पर्यटनाच्या सरकारी कचेरीत हेडक्लार्क असलेल्या या माणसाने जन्मात समुद्र पाहिला नव्हता, आणि आज त्याला तो नागपुरात करून दाखवायचा होता. हिवाळी अधिवेशनासाठी मंत्री इथे मुक्कामाला, म्हणून कोकणच्या किनाऱ्याची बैठकही इथेच. आपला किनारा एका खाडीपाशी संपतो, पलीकडे गोवा. दोघांनी मिळून पर्यटक आणायचे, पण किनारा ओरबाडू द्यायचा नाही, हे ठरवायला दोन्हीकडचे अधिकारी येणार होते. "टेबलावर किनाऱ्याचा नमुना करा," साहेबांनी फर्मावलं होतं. "आणि वाळू खरी हवी."

वामनरावाने कालच नागपूरजवळच्या खाप्याला भैय्याजींना ट्रंक कॉल लावला होता. कन्हान नदीच्या वाळूचा त्यांचा धंदा. लायनीत नुसती खरखर. "समुद्राचा किनारा बनवायचा हाय, थोडी वाळू पाठवा," असं तो घसा बसेपर्यंत ओरडला. भैय्याजींना 'किनारा' ऐकू गेलं, 'थोडी' गेलं नाही.

आज बैठकीच्या दिवशी कचेरीच्या फाटकातच अख्खा ट्रक रिकामा झाला.

"हे काय करून ठेवलं गा?" वामनरावाचा आवाज चिरकला.

"तुमीच म्हनलं ना, किनारा बनवायचा हाय," भैय्याजी शांतपणे म्हणाले. "मले वाटलं, एका ट्रकात काय होते. दुसरा मांगून येऊन राहिला."

"त्याले वापस पाठवा. आन् हे उचला."

"भरनारे मानसं खाप्यालेच राहिले. पाठवतो." आणि भैय्याजी ट्रकात बसून निघूनही गेले.

फाटक बुजलं. गोव्याचे अधिकारी कुंकळ्येकर लवकर येऊन आत चहा घेत होते. आपल्या राज्याचे पाटणकर उशिरा आले, ते बाहेर रस्त्यावर अडकले. वाळूचा ढीग चढून जाणं पाटणकरांच्या हुद्द्याला शोभणारं नव्हतं, आणि उतरून बाहेर येणं कुंकळ्येकरांच्या. साहेब मंत्र्यांना आणायला गेलेले. शेवटी दोघं ढिगाच्या दोन बाजूंना उभे राहून बोलू लागले.

"आमच्या किनाऱ्यावरची वाळू होड्या भरभरून चोरीला जाते," पाटणकर म्हणाले. "ती तुमच्याकडे उतरते."

"आम्ही पाहतो तेव्हा तुमच्याकडे उतरत असते."

"आमचा पहारा आहे."

"आमचाही आहे. चोर तुमच्या बाजूने पळतात."

आवाज चढत गेले. तेवढ्यात समोरच्या घरातून तुळसाबाई घमेलं घेऊन आली. तिच्या स्वयंपाकघराचा ओटा अर्धवट पडून होता.

"ते सरकारी वाळू हाय वं बाई. ठेव खाली," वामनराव ओरडला.

"रस्त्यावर सांडली ते सरकारी कशी? मी तं रस्ता झाडून राहिली."

तिच्यामागून सगळी गल्लीच रस्ता झाडायला आली. वामनराव एकाला हाकलायचा, तोवर दुसरीकडून दोन घमेली जायची. तो घामाघूम होऊन पाटणकरांकडे वळला. "साहेब, तुमच्या बाजूचं पाहा जरा."

"गोव्याच्या बाजूने नेताहेत," पाटणकर त्याच्याकडे न बघताच म्हणाले.

"महाराष्ट्राच्या," कुंकळ्येकर म्हणाले.

दोघांचं भांडण रंगात येईतो फाटक मोकळं झालं. खाली फरशी दिसू लागली. नेमका तेव्हाच शिपाई रामाजी धावत आला. "साहेबाचा फोन होता. मंत्र्याले घेऊन निघाले. किनारा झाला का, इचारून राहिले."

वामनरावाने दातओठ खाल्ले आणि तुळसाबाईचं दार गाठलं. "एक बादली वाळू दे."

"काहून? तुमची सरकारी वाळू माह्या घरात कुठून येईन?"

"बाई, माही नोकरी जाईन."

तुळसाबाईने बादली भरून दिली. वामनराव ती खांद्यावर घेऊन, साहेबाला, भैय्याजीला आणि साऱ्या समुद्राला मनातल्या मनात शिव्या घालत रस्ता ओलांडू लागला.

इकडे दोन्ही अधिकाऱ्यांना ढीग नाहीसा झाल्याचं आत्ता कळलं होतं. समोरून एक माणूस वाळू घेऊन जाताना दिसला. पाटणकरांनी त्याचा डावा दंड धरला, कुंकळ्येकरांनी उजवा.

"सोडा. ही वाळू कचेरीतच चालली हाय," वामनराव गुरगुरला.

"सगळे असंच सांगतात," दोघं एकदम म्हणाले.

मग दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "एकट्याने धरला असता," पाटणकर हळूहळू म्हणाले, "तर हा दुसऱ्या बाजूने सुटला असता."

"म्हणजे पहारा एकत्रच ठेवायला हवा," कुंकळ्येकर म्हणाले. "एक माणूस तुमचा, एक आमचा."

"होडीही एकच."

सगळं तिथेच ठरलं, वामनरावाचे दंड धरलेलेच. तेवढ्यात मंत्र्यांची मोटार फाटकात शिरली. साहेब घाईने उतरले. "बैठक कधी सुरू करायची?"

"झाली," पाटणकर म्हणाले. "एकमताने."

"उत्तम. आणि वामनराव, किनारा कुठे आहे?"

दोन्ही हात अडकलेल्या वामनरावाने हनुवटीने खांद्यावरची बादली दाखवली. मंत्र्यांनी टाचा उंचावून आत डोकावलं, आणि छान झालाय म्हणाले.