गोजराबाईच्या वाट्याचं ऊन

मानोरा तालुक्यातल्या एका लहानशा गावात जगदेवरावांकडे कॅनडाहून पुतण्या हरीओम आला, ही घटना सुरुवातीला पूर्णपणे खाजगी स्वरूपाची होती. हरीओमच्या दारात तिकडे कमरेएवढा बर्फ साचला होता. तेव्हा नाताळची सुट्टी गरम हवेत, आपल्या माणसांत काढावी, असं त्याला आणि त्याची बायको मंजुषा हिला वाटलं. आपल्या माणसांना काय वाटेल, हा मुद्दा विषयपत्रिकेवर नव्हता.

जगदेवरावांची बायको गोजराबाई मनापासून खूश झाली. अडचण एकच होती. थंडीत तिचे गुडघे लाकडासारखे ताठ व्हायचे आणि सकाळी ओट्यावर बसून ऊन खाल्ल्याशिवाय वाकायचेच नाहीत. गावात सकाळचं ऊन येणारा ओटाही तेवढा एकच उरला होता. बाकी सगळ्यांवर नव्या सभामंडपाची सावली पडायची. दुसऱ्या दिवशी ती पाय लांब करायला बाहेर आली, तर ओट्यावर मंजुषा गॉगल लावून आडवी झालेली.

"काकू, काय सुंदर ऊन आहे हो! आणि तुम्हाला हे रोज फुकट?"

"हो माय," म्हणत गोजराबाई सावलीतल्या पायरीवर टेकली. पाहुणीला ऊठ म्हणायची आपल्याकडे सोय नाही.

मंजुषाने त्या उन्हाचा व्हिडिओ टाकला. तो पाहून पुण्या-मुंबईच्या, अगदी नोएडाच्याही लोकांना एकदम आठवलं, की आपले सख्खे मामा, मावशी, गेला बाजार चुलत आत्या तरी याच गावात असते. घराघरांत बॅगा उतरल्या. सकाळ झाली की समस्त पाहुणे जगदेवरावांच्या ओट्यावर. कोपर कुणाचं कुणाला लागलं यावरून नोएडाच्या साडूची आणि पुण्याच्या जावयाची जुंपली, तेव्हा सरपंच गुलाबसिंग यांनी तातडीची ग्रामसभा बोलावली.

ऊन ही सार्वजनिक संपत्ती असल्याचं सभेने एकमताने मान्य केलं. ओट्याला 'हिवाळी ऊन केंद्र' हा दर्जा मिळाला. उन्हाच्या न्याय्य वाटपासाठी समिती नेमली गेली: परदेशचे पाहुणे आधी, मग परराज्यातले, मग पुणे-मुंबई, मग बाहेरचे तालुके; आणि नव्या पाहुण्याला पहिल्या दिवशी मधली जागा.

"अन् आमी?" गोजराबाईने विचारलं. "ओटा मायाच हाय ना, भाऊ?"

"ओटा तुमचाच हाय, काकी. ऊन कुठं तुमचं हाय?" सरपंच समजुतीच्या सुरात म्हणाले. "गावच्या लोकाइचा कोटा एप्रिल-मे मधी भेटते. तवा येते काय कोणी पाव्हणा वाटा मांगाले? पुरा तुमालेच!"

जगदेवरावांनी जोरात टाळ्या वाजवल्या. ओटा त्यांचा म्हणून समितीचं अध्यक्षपद त्यांना मिळालं होतं आणि माणूस तेव्हापासून घरातही घसा खाकरून बोलत होता.

खास बाब म्हणून विचार करायला समिती तयार होती. फक्त थंडी वाजत असल्याचा दाखला हवा होता. गोजराबाई दवाखान्यात पायी पोचेपर्यंत दुपार झाली.

"बाई, तुम्हाला तर घाम आलाय," डॉक्टर म्हणाले. "कुडकुडल्याशिवाय दाखला देता येत नाही."

पहाटे कुडकुडत गेली, तर दवाखाना बंद होता.

आता मात्र बाईचं डोकं फिरलं. तिने पिशवीत दोन लुगडी कोंबली, जीप पकडली आणि शेलूबाजारला बहिणीकडे मुक्कामाला गेली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या जीपने परत येऊन पिशवीसकट आपल्याच दारात उभी राहिली आणि जन्मात पहिल्यांदा नवऱ्याला नावाने हाक मारली.

"जगदेवराव, हाय काय घरी? पाव्हणी आली!"

जगदेवरावांचा चेहरा पांढरा पडला. पण अध्यक्ष तो अध्यक्षच. घसा खाकरून त्यांनी विचारलं, "कोठून येणं झालं?"

"शेलूबाजारून. बाहेरच्या तालुक्यातून."

नियमात खोट काढता येईना. समितीने नोएडाच्या साडूला सरकवलं आणि ओट्याच्या मधोमध जागा करून दिली. गोजराबाईने पाय लांब केले, लुगडं घोट्यावर ओढून घेतलं, डोळे मिटले. गुडघे हळूहळू सैल पडत गेले. इतकं बरं वाटलं तिला, की दोन्ही डोळ्यांत पाणीच आलं.

बराच वेळ गेला. पाहुण्यांची चुळबुळ सुरू झाली.

"काकू," मंजुषाने गॉगल वर केला, "आज चहा नाही का?"

"मले काहून पुसतं, माय?" गोजराबाई डोळे न उघडता म्हणाली. "मी त पाव्हणी हाय. घरचं कोणी असन त त्याले पुस."

सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. हरीओमने काकांकडे पाहिलं. चुलीचा विषय समितीच्या अखत्यारीत येत नाही, असं काकांनी स्पष्ट केलं.

मंडळी अजून तशीच बसली आहेत. आणि तुम्ही तरी काय, एवढा वेळ मजेत वाचत बसलात. उठून आत जावं, आधण ठेवावं, असं तुम्हालाही एकदा वाटलं नाही.