बारकूसाठी लांब गाडी

गायकवाड बाई रिक्षात मागच्या सीटवर बसून रिक्षा चालवतात. त्यांना स्वतःला सायकलसुद्धा येत नाही, पण बसल्या की उजवा पाय ब्रेक दाबायला लागतो. तिथे ब्रेक नसतो, ही रिक्षा बनवणाऱ्याची चूक. ‘डावीकडे खड्डा, नोंद घ्या. समोर म्हैस, नोंद घ्या. म्हशीच्या मनात वळायचं आहे, नोंद घ्या.’ एकदा मी त्यांच्याबरोबर बदलापूर ते अंबरनाथ गेलो, तर उतरताना माझाच पाय भरून आला होता.

हे ‘नोंद घ्या’ त्यांच्या नोकरीतलं. अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये त्यांचं आयुष्य गेलं. बदलापूर पूर्वेला आमच्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर त्या एकट्या राहतात. लग्न का केलं नाही, असं सोसायटीच्या एका काकूंनी विचारलं, तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, ‘सॅम्पल आली बरीच. पास एकही झालं नाही.’ काकूंनी त्यानंतर त्यांना हवापाण्यापलीकडे काही विचारलं नाही.

रिटायर झाल्यावरही बाई रोज सकाळी कडक इस्त्रीची साडी नेसून कंपनीत जात. रोज तासाभरासाठी सल्लागार म्हणून ठेवून घेतलंय, असं त्यांनी सांगितलं होतं. ‘मी गेले नाही तर तिथे पाणीसुद्धा वेळेवर उकळत नाही.’ आम्हाला ते सहज पटलं.

बाईंच्या भेटवस्तूंची बिल्डिंगमध्ये दहशत आहे. आमच्या वास्तुशांतीला त्यांनी आग विझवायचा लाल सिलिंडर दिला. माझ्या मुलीच्या लग्नात लिटमस कागदाची चळत दिली आणि स्टेजवरच तिच्या कानात म्हणाल्या, ‘सासरचं पाणी आधी तपासून घे.’ कान मुलीचा असला तरी आवाज बाईंचा होता. व्याह्यांनी ऐकलं. ते अजून माझ्याशी जपून बोलतात.

बाईंना रोज नेणारा रिक्षावाला म्हणजे जवळच्या चामटोली गावचा बारकू. नाव बारकू असलं तरी माणूस दाराएवढा. वीस-बावीस वर्षं हा माणूस त्यांचा आरडाओरडा मानेवर घेत आला. बाई त्याला ‘अहो बारकू’ म्हणत आणि त्याच आदराने शिव्या देत. तो त्यांना गावच्या रीतीने अगंतुगं करी. वर्षातून तीनदा तरी बाई त्याला कायमचा काढून टाकत आणि दुसऱ्या दिवशी तो हजर असे. काल आपल्याला काढलं होतं हे त्याला माहीतच नसे, कारण त्या वेळी तो हॉर्न वाजवत असे.

मागच्या वर्षी बारकूचे डोळे गेले. काचबिंदू. एक डोळा पूर्ण मिटला, दुसऱ्यातून सगळं धूसर दिसायचं. मुलाने रिक्षा विकून टाकली. रिक्षा नाही म्हणून बाईंनी कंपनीत जाणंही बंद केलं. बारकू घराच्या ओट्यावर रस्त्याकडे तोंड करून बसायला लागला. जेवायला हाक मारली तरी उठेना, कुणाशी बोलेना. बाई त्याला बघून आल्या आणि दोन दिवस त्यांच्या घरातून कुकरच्या शिट्टीशिवाय आवाज आला नाही.

तिसऱ्या दिवशी त्यांनी माझं दार वाजवलं. उल्हासनगरला गाडी बघायला जायचंय, म्हणाल्या. मला वाटलं, विकत घेतायत. शहराच्या सुरक्षिततेचा विचार करून मी लगेच चप्पल घातली.

वाटेत खुलासा झाला. बारकू तरुण असताना कंपनीच्या मालकाकडे एक लांबलचक अमेरिकन गाडी होती. ती गेटातून आत जाताना बघायला तो समोर रिक्षा लावून थांबायचा. एकदा हात लावायला गेला तर हाकलून दिलं. पुढे कधीतरी अशा गाडीत मागे बसून जायचं, हे तो बाईंना बावीस वर्षं ऐकवत होता. बाईंनी दर वेळी ‘समोर बघा’ एवढंच उत्तर दिलं होतं.

उल्हासनगरात एका वर्कशॉपच्या मागे ताडपत्रीखाली तशीच एक गाडी निघाली. पिस्त्याच्या आइस्क्रीमसारखा रंग, मागे माशासारखे पंख, आणि लांबी इतकी की पुढच्याला पाऊस लागला तरी मागचा कोरडा राहावा. मालक सिंधी शेठ, फार गोड माणूस. गाडी फक्त लग्नाला देतो, म्हणाला. मग वही उघडून त्याने दूल्ह्याचं नाव विचारलं. बाई म्हणाल्या, ‘बारकू.’ शेठने दुल्हनचं नाव विचारलं. बाई म्हणाल्या, ‘तिचं काय काम? गाडी मी देतेय.’ शेठने माझ्याकडे पाहिलं. मी ताडपत्रीकडे पाहिलं.

त्याचं फळ रविवारी सकाळी चामटोलीत दिसलं. गाडी आली ती नखशिखांत झेंडूत. बॉनेटवर गुलाबांचं बदाम. ड्रायव्हरला तीच ऑर्डर होती. बारकूची बायको दारात येऊन हसत सुटली. बाई संकोचल्या नाहीत. फुलं काढली तर गाडी बोडकी दिसेल, म्हणाल्या. बारकूच्या बायकोने नवऱ्याच्या शर्टाची कॉलर नीट केली आणि बाईंना सांगितलं, ‘ने बाय. पन संद्याकाली परत आन.’

बारकू मात्र ओट्यावरून हलेना. मागे बसायची त्याला सवय नव्हती आणि आंधळ्याला गाडी दाखवून काय करायचं, हा त्याचा सवाल होता. बाईंनी त्याचा हात धरला, पुढच्या दिव्यावर ठेवला आणि चालायला लागल्या. बारकूचा पंजा दिव्यावरून बॉनेटवर, दारावर, कडेच्या चकचकीत पट्टीवर सरकत गेला. मागच्या पंखाच्या टोकाला पोचल्यावर तो थांबला.

‘हीच,’ तो म्हणाला. ‘मालकाची होती ती अशीच.’

मग दोघं मागे बसले, मी पुढे. बदलापुरातून अंबरनाथकडे निघालो, तो सगळा रस्ता लोकांनी आमचं लग्न साजरं केलं. स्कूटरवाल्यांनी अंगठे दाखवले. चौकात एका बँडवाल्याने सवयीने पिपाणी तोंडाला लावली. बाई ड्रायव्हरला खड्डे सांगत होत्या, बारकू त्याला इंजिनाच्या आवाजावरून गिअर सांगत होता. बिचाऱ्याला दोन सासरे एकदम मिळाले. बारकू वर्षभराचं एका तासात बोलला. एका वळणावर बाईंनी त्याला कायमचं काढूनही टाकलं.

कंपनीच्या गेटासमोर बारकूने गाडी थांबवायला लावली. त्याला तिथे पाच मिनिटं नुसतं बसायचं होतं. म्हातारा वॉचमन धावत बाहेर आला. बाईंना बघून त्याचा चेहरा उजळला.

‘मॅडम, किती महिने झाले! तब्येत बरी आहे ना? रोज यायच्यात, मग एकदम बंदच झालात. आता तरी आत या, चहा घ्या. चार वर्षं नुसतं गेटापर्यंत येऊन परत जायच्यात.’

बाईंनी खिडकीच्या काचेवरची झेंडूची पाकळी उचलली आणि पर्समध्ये ठेवली. मी पुढे बघत राहिलो. सल्लागार वगैरे काही नव्हतं. बारकू त्यांना रोज गेटापर्यंत आणत होता, रिक्षा वळवून घरी सोडत होता आणि त्याबद्दल त्याने चामटोलीत किंवा बदलापुरात कुणाजवळ अवाक्षर काढलं नव्हतं.

त्यानेच ड्रायव्हरला गाडी वळवायला सांगितलं. चामटोलीचा फाटा आला तेव्हा बारकू म्हणाला, ‘बाय, सकाली हिकडं येत जा. आमचे घराला पन गेट हाय.’

‘कंपाउंड कुठाय तुम्हाला?’ बाई म्हणाल्या.

‘मंग मी बसतो ना तिथं. तोच गेट.’

घरापुढे गाडी थांबली. बारकूची बायको बाहेर आली, नवऱ्याला हाताला धरून उतरवलं आणि बाईंच्या बाजूचं दार उघडून उभी राहिली. बोंबलाचं कालवण केलंय, भात निवतोय, एवढंच म्हणाली. बाईंनी घड्याळ पाहिलं. घरी वाट बघणारं कुणी नसताना त्यांनी ते का पाहिलं, कोण जाणे. मग पदर सावरून त्या उतरल्या आणि तिच्यामागे आत गेल्या.

ड्रायव्हरने मला विचारलं, मॅडम परत येणार आहेत ना? आतून ताटं मांडल्याचा आवाज आला. पाठोपाठ बाईंचा, मीठ कमी पडलंय असं सांगणारा. मी म्हणालो, तू चल.